मामा, आपली कुत्री इथंच राहणार

मामा, तुमच्या तेराव्याच्या पंगतीत मी भांडले. हे तुम्हाला माझ्याकडूनच कळलेलं बरं, कारण गावात आतापर्यंत त्या भांडणाला शिंगं फुटली असतील.

शेवटची पंगत उठत होती. तुमचे धाकटे भाऊ, आपले भाऊकाका, हात धुता धुता सगळ्यांना ऐकू जाईल अशा बेतानं म्हणाले, की दादाच्या छातीत कुत्र्यांचाच रोग शिरला, घरात एवढी जनावरं बाळगल्यावर दुसरं काय होणार, आता तरी ही दोन्ही कुत्री विष्णुपुरीच्या धरणाकडं नेऊन सोडा. दोन-चार माना हलल्या. कुणीतरी म्हणालं, घरात लेकरू आहे, त्याचा तरी विचार करा. मी वरणाची बादली खाली ठेवली.

"काका, मामांचं हृदय बंद पडलं," मी म्हणाले. "डॉक्टरांचा कागद कपाटात आहे, आणून दाखवते. ते दुखणं कुत्र्यांनी आणलं नाही. आणि ही कुत्री कुठंही जाणार नाहीत."

आवाज चढला नव्हता, पण बादली जरा जोरात आपटली होती. तुमचा मुलगा क्षणभर माझ्याकडं बघत राहिला आणि मग वाकून पत्रावळ्या गोळा करायला लागला. माझी बाजू घ्यायची असली की तो असंच काहीतरी काम काढतो. तुम्ही असता तर म्हणाला असता, सुनबाई, लोकांना आधी जेवू दे. आणि लोक जेवून उठले की स्वतः माझ्या दुप्पट बोलला असता.

सुरुवातीला आपलं कुठं पटायचं? मी नांदेडच्या एका दवाखान्याच्या लॅबमध्ये रक्त तपासणारी, तुम्ही अर्धापूरच्या केळीतले. लग्न होऊन आले तेव्हा तुम्ही आत्याबाईंना विचारलं होतं म्हणे, ही दिवसभर लोकांचं रक्त बघती, घरी येऊन भाकरी कशी थापणार? आत्याबाईंनी, म्हणजे माझ्या सासूबाईंनी, ते मला दुसऱ्याच दिवशी सांगितलं. मी तुमच्यावर महिनाभर राग धरला. तुम्हाला त्याचा पत्ताही नव्हता, हे मला फार पुढं कळलं.

तुमचा जीव केळीत होता आणि केळीइतकाच शिपायात. तांबूस रंगाचा, एका कानाला चीर पडलेला गावठी कुत्रा. तुम्ही मळ्यात पाणी द्यायला निघालात की तो पुढं, तुम्ही बांधावर बसलात की तो पाठीला पाठ लावून. लग्नाला सहा वर्षं झाली त्या साली जनावरांच्या दवाखान्यात कुत्र्यांना रेबीजची लस देणार असं मी ऐकून आले आणि तुम्हाला म्हटलं, शिपायाला घेऊन जाऊ. तुम्ही तंबाखू मळत होता. "शेतातल्या कुत्र्याला कशाची सुई?" म्हणालात. "त्यो उघड्यावरचा जीव हाय. खामखा त्याला बेजार करू नको."

मी दुसऱ्यांदा म्हटलं नाही. सासऱ्यांना दोनदा कसं सांगायचं, असं अजून वाटायचे दिवस होते ते. तुम्ही पुढं ही चूक गावासमोर स्वतःच्या नावावर घेतलीत, पण त्यातली अर्धी माझी होती. मला माहीत होतं आणि मी गप्प बसले.

त्यानंतर काही महिन्यांनी मळ्यात कुठलंसं परकं कुत्रं शिरलं आणि शिपायाशी त्याची झोंबाझोंबी झाली. तुम्ही त्याच्या मानेला हळद-तेल लावलंत आणि घरी कुणाला बोलला नाहीत. जखम भरली. महिना उलटून गेला. मग एक दिवस मी कामावरून परतले, गाडी लावत होते, तेव्हा पाण्याच्या मोटारीच्या खोलीकडून एक आवाज आला. शिपायाचाच, पण घोगरा, मध्येच तुटणारा. मी तशीच तिकडं गेले. तो पाण्याच्या प्लास्टिकच्या घमेल्यात तोंड घालत होता, जबडा हलत होता, पण घोट आत जात नव्हता. तोंडातून लाळेची तार लोंबत होती. मला बघून तो शेपूट न हलवता खोलीच्या अंधाऱ्या कोपऱ्यात गेला. मी काठीनं दार ओढलं आणि बाहेरून कडी घातली.

तुम्ही ओट्यावर बसला होता. उजव्या हाताच्या दोन बोटांना फडकं गुंडाळलेलं.

"काय झालं हाताला?"

"तार लागली."

मी समोर बसले आणि फडकं सोडलं. तुम्ही हात मागं घेतला नाहीत. तारेची जखम एक रेघ असते, मामा. तुमच्या बोटांवर दातांचे ठसे होते. मी हात सोडला नाही, तेव्हा तुम्ही हळूच सांगितलंत, की दोन दिवस तो खात नव्हता, घशात हाड अडकलं असंल म्हणून तोंड उघडून हात घातला होता. कालच्याला. आणि मग जे म्हणालात, त्यानं माझा राग विरघळला आणि भीती दुप्पट झाली. "सांगितलं असतं तर त्याला मारून टाकलं असतं लोकांनी."

कुत्र्याचा जीव वाचावा म्हणून तुम्ही स्वतःचा जीव कालपासून फडक्यात गुंडाळून बसला होता.

मी तुम्हाला दंडाला धरून नळाखाली नेलं. आयुष्यात पहिल्यांदा मी तुम्हाला हात लावला असेन. साबण आणि वाहतं पाणी, पूर्ण पंधरा मिनिटं, घड्याळ लावून. पाचव्या मिनिटाला तुम्ही म्हणालात, झालं की आता. मी म्हटलं, नाही झालं. रेबीज मज्जातंतूत शिरला आणि लक्षणं दिसायला लागली की जगात औषध नाही, त्याच्या आधी मात्र पक्कं औषध आहे, म्हणून उशीर झाला तरी धुवायचं आणि उशीर झाला तरी सुई घ्यायचीच. हे सगळं मी नळाखाली ओरडून सांगत होते. लहान मुलाला रागावतात तसं. तुम्ही ऐकत होता. तुमच्या सदऱ्याच्या बाह्या कोपरापर्यंत भिजल्या होत्या.

तेवढ्यात आत्याबाई मुठीत काहीतरी घेऊन आल्या. शेजारच्या गावच्या एका बाबाची मुळी, त्यांनी माहेराहून कधीची आणून ठेवलेली. वाटून प्यायची आणि वर मिरचीची पूड जखमेत भरायची. त्यांचा चेहरा पांढरा पडला होता. मी काही बोलायच्या आत तुम्हीच म्हणालात, "मुळी बी खाईन. पण सुई आधी. आन् मिरची कालवणात घाल."

नांदेडला पोचेपर्यंत तुमच्या मुलानं गाडी कशी हाकली ते देवाला ठाऊक. जखमेच्या भोवती बोटात दिलेल्या त्या इंजेक्शनांनी तुम्ही ओठ चावलात, पण हूं केलं नाहीत. मग दंडावरच्या लशीच्या सुया, पहिल्या दिवशी, तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, अठ्ठाविसाव्या. डॉक्टरांनी घरच्यांचं विचारलं. आपली मुक्ता तेव्हा पाच वर्षांची, शिपायाला हातानं भाकरी भरवायची आणि तिच्या बोटाला खरचटलेलं. तिलाही सगळ्या सुया. चौदाव्या दिवशी ती रडायला लागली तेव्हा तुम्ही तिच्या शेजारच्या खुर्चीवर बसलात आणि बाही वर करून म्हणालात, बघ, आज्जा आधी. तुम्ही एकही सुई चुकवली नाहीत. मी ती खुर्ची दारातून बघत होते. तुमचे आभार मानायला पाहिजे होते त्या वेळी. मी म्हटलं, चला, गाडी थांबलीय.

शिपाई दुसऱ्या दिवशी दुपारी गेला. जनावरांचे डॉक्टर खिडकीतून बघून म्हणाले होते, आता काही उरलं नाही, कुणी आत जाऊ नका. तुम्ही बंद दारापासून दहा पावलांवर केळीचं रिकामं कॅरेट पालथं घालून बसलात. मी उठवायला आले. तुम्ही म्हणालात, "त्यो माझा आवाज ओळखून राहिला. बसू दे." तुम्ही दाराकडं तोंड करून त्याला मळ्यातल्या गोष्टी सांगत होता. कुठल्या दांडाला पाणी लावलं, कुठला घड कापायला आला. मी मागं फिरले आणि केळीत जाऊन रडले. ते रडणं नेमकं कुत्र्यासाठी होतं की तुमच्यासाठी, मला अजून सांगता येत नाही.

मग मी सांगितलं तसं सगळं झालं. हातमोजे घालून त्याला उचललं, खोल खड्डा, वर चुन्याची पूड. गोणपाट जाळलं, घमेलं जाळलं, खोलीची फरशी ब्लीचिंग पावडरच्या पाण्यानं धुतली आणि दार दिवसभर उन्हाला उघडं टाकलं. तुम्ही एकाही गोष्टीला कशाला असं विचारलं नाहीत.

चार दिवसांनी गावातली पोरं काठ्या घेऊन निघाली. पिसाळलेलं कुत्रं होतं म्हटल्यावर सगळीच मारायची ठरली. गल्लीत दोन मारलीही. तुम्ही पट्टी बांधलेल्या हातानं रस्त्याच्या मध्ये जाऊन उभे राहिलात. मी आपल्या भिंतीआड होते, मला शब्द न् शब्द ऐकू आला.

"चूक माझी हाय," तुम्ही म्हणालात. "सुनबाई सांगत होती, मी ऐकलं न्हाई. सुई दिली असती तर शिपाई मेला नसता. ही कुत्री मारचाल तर उद्या हदगावकडची येतील, त्यांनी बी सुई घेतलेली नसंल. मग त्यांना बी मारत बसा. त्यापरीस हायेत त्यांना सुई द्या. धरून मी देतो."

कुणीतरी म्हणालं, म्हाताऱ्या, तुला चावलंय म्हणून डोकं फिरलं. तुम्ही हलला नाहीत. काठ्या खाली यायला अर्धा तास लागला.

सुनबाई सांगत होती. एवढ्या लोकांत तुम्ही ते म्हणालात. त्या दिवशी संध्याकाळी मी तुम्हाला चहा दिला, त्यात साखर जास्त पडली होती, आणि आपण दोघंही त्या वाक्याबद्दल बोललो नाही. पुढंही कधी बोललो नाही.

पुढच्या महिन्यात आपल्या अंगणात जनावरांचे डॉक्टर आले. आठ कुत्री जमली, त्यातली तीन तुम्ही आणि तुमच्या मुलानं जाड गोणपाट टाकून ओढत आणलेली. दुसऱ्या साली लोक आपणहून घेऊन यायला लागले. आता तर बाया मांजरंही पिशवीत घालून आणतात. तुम्ही एकेकाला उभं करून विचारायचात, कुत्र्याचं ताट वेगळं हाय का, हात लावून तसाच जेवायला बसतोस का, तोंड चाटू देतोस का. ज्यांनी तुम्हाला आयुष्यभर ऊस-केळीबद्दलच बोलताना ऐकलं होतं ती माणसं तोंडाकडं बघत राहायची.

आणि कोरोनाचं ते साल. मी लॅबमधून ताप घेऊन आले आणि मागच्या खोलीत पडले. आपली मनी मांजर दार खरवडून आत यायला बघायची. गावात तेव्हा उलटंच चाललं होतं, लोक म्हणत होते कुत्र्या-मांजरांनी रोग येतो, अर्धापुरात एका घरानं पाळलेली दोन कुत्री रस्त्यावर सोडून दिली होती. तुम्ही मनीला उचलून स्वतःच्या खोलीत नेलंत आणि दाराबाहेरून मला म्हणालात, "तुझ्यापासून तिला व्हायला नको. ती काय मास्क लावणार?" मी तापात हसले. मी तुम्हाला शिकवलं नव्हतं ते, माणसाकडून मांजरालाही होऊ शकतं हे. तुम्ही मोबाइलवर कुणाचं तरी ऐकून, मला न विचारता शिकला होता.

ती रस्त्यावर सोडलेली दोन्ही कुत्री तुम्ही घरी आणलीत. जमादार आणि रुक्की. आत्याबाई तणतणल्या. तुम्ही कुत्र्यांना मोटारीच्या खोलीत पंधरा दिवस वेगळं ठेवलंत, सुया झाल्या, जंताचं औषध झालं, मग अंगणात. शिपायानंतर जमादारच आला पाहिजे, बढती झाली, असं मुक्ताला सांगायचात.

आपलं एक भांडण मात्र अर्धंच राहिलं. मी म्हणायचे, जनावर अंथरुणावर नको. दिवसभर अंगणात राहू द्या, मांडीवर घ्या, हात धुवा, पण झोपायची जागा वेगळी. तुम्ही मान डोलवायचात. आणि सकाळी तुमची गोधडी झटकताना मनीचे केस निघायचे. विचारलं की म्हणायचात, ती कधी आली मला काय ठावं, मी झोपलेला. मामा, तुम्ही तिला गोधडीत ओढून घ्यायचात. मुक्तानं मला तेव्हाच सांगितलं होतं. मी तुम्हाला कळू दिलं नाही. या बाबतीत अजूनही माझंच बरोबर आहे, आणि तुमची गोधडी मी अजून धुतलेली नाही.

आता जे मला बोलायचं नव्हतं ते.

कॅलेंडरवर मी जमादाराच्या सुईची तारीख लाल शाईनं लिहीत होते. रुक्कीची, मनीची. गेल्या पावसाळ्यापासून तुम्ही मळ्यातून येताना दोनदा थांबायला लागला होता. बांधावर बसायचात. मी बघत होते. वय झालं, असं मनात म्हणायचे आणि गाडी काढून कामावर जायचे. दुसऱ्यांची रक्तं तपासायला. एकदा मी म्हटलं, छातीची पट्टी, ईसीजी, काढून घेऊ. तुम्ही म्हणालात, "मला काय झालंय? कुत्र्यांची फिकीर कर." आणि मी पुन्हा तेच केलं. एकदा सांगून गप्प बसले. शिपायाच्या वेळी झालं होतं त्यातून मी एवढंच शिकले होते, की कुत्र्यांसाठी भांडायचं. डोळ्यांना न दिसणाऱ्या विषाणूमागं मी घरभर फिरले आणि समोर धाप लागून बसलेला माणूस मला दिसला नाही. ज्या दिवशी तुम्ही गोठ्यापाशी बसलात ते उठलाच नाहीत, त्या दिवशी मी लॅबमध्ये होते. फोन आला तेव्हा हातात कुणाचीतरी नळी होती. ती मी नीट जागेवर ठेवली, नाव बघून. मग निघाले.

लोक म्हणतात, जायचंच होतं. मी ते मानत नाही. कधीच मानणार नाही.

काल सकाळी भाऊकाका पिकअप घेऊन आले, केळी न्यायची ती. सोबत दोघे जण आणि दोर. पंगतीतलं माझं बोलणं त्यांना लागलं होतं. मला ते समजतं, मामा. त्यांचा भाऊ गेलाय. त्यांना कशाला तरी काठी मारायची आहे आणि कुत्री समोर आहेत. ते म्हणाले, तू अजून लहान आहेस, घरात रोगराई नको, मी तुझ्या भल्याचं करून राहिलो. मी फाटकात उभी राहिले आणि सांगितलं, की दोन्ही कुत्र्यांच्या सुयांचे कागद दाखवते, वाचा, आणि वाचूनही न्यायची असतील तर मला बाजूला करून न्या. तुमचा मुलगा माझ्या शेजारी येऊन उभा राहिला. या वेळी त्यानं दुसरं काही काम काढलं नाही.

मग घराचं दार वाजलं. आत्याबाई बाहेर आल्या. तेरा दिवस त्या आपणहून खोलीतून उठल्या नव्हत्या, जेवायलासुद्धा हात धरून आणावं लागत होतं. त्या अंगणातून सरळ चालत गेल्या आणि जमादाराची साखळी खुंट्यावरून सोडून स्वतःच्या हातात घेतली. एवढ्या वर्षांत मी त्यांना कुत्र्याच्या पाच हातांच्या आत गेलेलं पाहिलं नव्हतं. जमादारही गोंधळला, बसला.

"भाऊजी," त्या म्हणाल्या, "ही ह्यांची कुत्री हायेत. ह्यांच्या मागं ह्या घरातनं काही जाणार न्हाई."

काकांनी दोर गाडीत टाकला, पाणी मागितलं, प्याले आणि गेले. ते पुन्हा येतील की नाही, मला माहीत नाही. आले तर फाटकात आम्ही तिघं असू.

गाडी गेल्यावर आत्याबाई आणि मी ओट्यावर बसलो. साखळी अजून त्यांच्या हातात होती. त्या म्हणाल्या, "तुला एक सांगू का? ते म्हणायचे, सून माझ्याशी भांडती म्हणून मी अजून हाय. न्हाईतर त्या कुत्र्याबरोबरच गेलो असतो."

मी विचारलं, मला कधी का नाही म्हणाले? त्या म्हणाल्या, सुनंला असं कोण सांगतं?

मामा, सांगायला पाहिजे होतं. मी आणखी भांडले असते. हात धरून दवाखान्यात नेलं असतं तुम्हाला.